एचएसए : घालताना एक नियम, काढताना दुसरा

यंदाच्या पत्रांत एचएसए, म्हणजे अमेरिकेतलं वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, हाच विषय पुन्हा पुन्हा आला. डिसेंबर २००३च्या कायद्याने हे खातं जन्माला आलं, १ जानेवारी २००४पासून उघडता येऊ लागलं, आणि इतकी वर्षं झाली तरी गोंधळ तोच आहे. पैसे घालण्याची पात्रता आणि पैसे वापरण्याची पात्रता एकच, असं धरून लोक चालतात. घालताना बघतात तुमचा विमा एचडीएचपी, म्हणजे मोठ्या डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) आहे का, तोही महिन्यागणिक. काढताना विम्याबद्दल कुणी विचारत नाही. खर्च कुणाचा, कसला आणि कधीचा एवढंच बघतात. खालच्या बहुतेक प्रश्नांची गाठ इथेच सुटते. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे आकडे २०२६ सालचे आहेत.

प्रश्न : कंपनीने दोन प्लॅन दिले आहेत. पीपीओला (नेहमीच्या प्लॅनला) महिना ४५० डॉलर प्रीमियम, १,००० डिडक्टिबल, पुढे २० टक्के आपले, वर्षाला आपल्या खिशातून कमाल ६,०००. एचएसएवाल्या एचडीएचपीला महिना २५० प्रीमियम, ३,४०० डिडक्टिबल, पुढे २० टक्के, कमाल ८,०००. शिवाय कंपनी एचएसएत १,५०० घालते. आम्ही चौघं. ३,४०० डिडक्टिबल ऐकूनच धडकी भरते. काय घ्यावं?

डिडक्टिबलकडे एकटं बघू नका, वर्षाचा सगळा खर्च मांडा. तीन वर्षं कल्पून बघायची: एक निरोगी, एक मधलं, एक वाईट.

निरोगी वर्षात, म्हणजे नुसती तपासणी आणि लसी, पीपीओचे ५,४०० जातात. एचडीएचपीचे ३,००० जातात आणि कंपनीचे १,५०० येतात, म्हणजे निव्वळ १,५००. मधलं वर्ष ६,००० डॉलर खर्चाचं धरू (विमा कंपनीने मान्य केलेल्या दराने). पीपीओत ५,४०० अधिक डिडक्टिबलचे १,००० अधिक उरलेल्या ५,०००चे २० टक्के, एकूण ७,४००. एचडीएचपीत ३,००० अधिक ३,४०० अधिक उरलेल्या २,६००चे २० टक्के म्हणजे ५२०, त्यातून १,५०० वजा: ५,४२०. वाईट वर्षात पीपीओ ११,४०० आणि एचडीएचपी ९,५००. तुमच्या आकड्यांत एचडीएचपी तिन्ही वर्षांत स्वस्त पडतो.

पण हे गणित दोनच आकड्यांवर उभं आहे: प्रीमियममधला फरक आणि कंपनीचं योगदान. कंपनीने काहीच दिलं नाही आणि प्रीमियम २५०ऐवजी ३५० असला, तर मधल्या वर्षात एचडीएचपी ८,१२० आणि पीपीओ ७,४००, वाईट वर्षात १२,२०० आणि ११,४००. चित्र उलटं. म्हणून शेजाऱ्याने काय घेतलं यावरून ठरवू नका, त्याच्या कंपनीचे आकडे वेगळे असतात.

आता करबचत. कुटुंबासाठी वर्षाची मर्यादा ८,७५० डॉलर, एकट्यासाठी ४,४००, वयाची ५५ पूर्ण झाल्यावर आणखी १,०००. कंपनीचे १,५०० याच मर्यादेत मोजायचे. तुमच्या वाट्याला ७,२५० उरतात, ८,७५० नव्हे, आणि ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. पगारातून कापून घेतलेत तर फेडरल इन्कम टॅक्सबरोबर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (६५नंतरचा सरकारी विमा) यांचा ७.६५ टक्के करही वाचतो. २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये ७,२५०वर ती बचत सुमारे २,१५० डॉलर होते. तेच पैसे तुम्ही स्वतः बँकेतून एचएसएत पाठवलेत, तर इन्कम टॅक्सची वजावट मिळते पण ७.६५ टक्के गेले ते गेले. पगार १,८४,५०० डॉलरच्या वर असेल, तर वरच्या पैशांवर सोशल सिक्युरिटी कापली जातच नाही. तिथे फायदा फक्त मेडिकेअरच्या १.४५ टक्क्यांचा.

मात्र ही सगळी बचत एचएसएच्या खात्यावर जमा धरू नका. पीपीओ घेतलात तर हेल्थ एफएसए (कंपनीमार्फतचं वैद्यकीय खर्चाचं वर्षापुरतं खातं) मिळू शकतो, आणि त्यात ३,४०० डॉलरपर्यंत तशीच करबचत होते. एफएसएचा दोष हा की पैसे वर्षअखेर बुडतात (प्लॅनने मुभा दिली असेल तर ६८० पुढे नेता येतात). फायदा हा की वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एचएसएत जितके जमा झाले तितकेच.

हाच एचडीएचपीचा खरा खड्डा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर ३,४००चं डिडक्टिबल समोर आणि खात्यात पहिल्या पेचेकचे ३०० डॉलर. म्हणून पहिल्या वर्षी डिडक्टिबलइतके पैसे साध्या बचत खात्यात बाजूला असल्याशिवाय एचडीएचपी घेऊ नये. खिशातून भरून नंतर एचएसएतून परत घेता येतात, पण खातं खर्चाच्या आधी उघडलेलं हवं. वर्षाच्या पहिल्या दिवशी खातं उघडा आणि थोडे का होईना, पैसे घाला. नुसता अर्ज भरून ठेवणं पुरेसं नसतं.

सही करण्याआधी एचआरला तीन प्रश्न विचारा. फॅमिली डिडक्टिबल सगळ्यांचं मिळून एकच आहे, की प्रत्येकाचं वेगळंही आहे? एकच असेल तर एकट्याचा खर्च पूर्ण ३,४०० होईपर्यंत विमा हात लावणार नाही. दुसरं, प्लॅनच्या कागदावर ‘एचएसए-एलिजिबल’ असं स्पष्ट लिहिलंय का? डिडक्टिबल मोठं असलं म्हणून कुठलाही प्लॅन चालत नाही. डिडक्टिबलच्या आधीच साध्या आजाराच्या व्हिजिटला ३० डॉलर को-पे (ठरावीक फी) घेऊन बाकीचे पैसे भरणारा प्लॅन सहसा बाद होतो. मार्केटप्लेसवरून (सरकारी विमा बाजारातून) विमा घेणाऱ्यांसाठी मात्र २०२६पासून ब्रॉंझ आणि कॅटस्ट्रॉफिक प्लॅन थेट पात्र झाले आहेत. तिसरा प्रश्न, घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर: प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट आहे का? इन्सुलिन, स्टॅटिन, दम्याचा इन्हेलर यांसारखी औषधं डिडक्टिबलच्या आधी देण्याची मुभा आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) दिली आहे. द्यायची की नाही, हे प्लॅन ठरवतो.

प्रश्न : माझ्या नोकरीतून एचडीएचपी आहे, मी एचएसएत पूर्ण रक्कम घालते. नवऱ्याचा विमा त्याच्या कंपनीतून वेगळा, आणि त्याने तिथे एफएसए घेतलाय. त्याचे पैसे त्याच्याच चष्म्याला आणि औषधांना जातात. अडचण नाही ना?

आहे, आणि मोठी आहे. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत असलेल्या घरांत सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

साधा हेल्थ एफएसए बायको-मुलांचाही खर्च भरू शकतो. भरू शकतो एवढं पुरे. प्रत्यक्षात तुमच्यासाठी एक डॉलरही वापरला नसला तरी आयआरएसच्या लेखी तुम्हाला एचडीएचपीशिवाय दुसरं कव्हरेज आहे. ज्या महिन्यांत त्यांचा एफएसए चालू, त्या महिन्यांत तुम्ही अपात्र. एफएसए वर्षाच्या मध्ये मनात आलं म्हणून बंद करता येत नाही.

पुढच्या एनरोलमेंटला त्यांनी साधा एफएसए सोडून लिमिटेड-पर्पज एफएसए घ्यावा. तो फक्त दात आणि डोळ्यांसाठी असतो आणि एचएसएच्या आड येत नाही. चष्म्याचा प्रश्न त्यातच सुटतो. पाळणाघराचा डिपेंडंट केअर एफएसए हे वेगळंच प्रकरण, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि त्यांच्या एफएसएतून शिल्लक पुढच्या वर्षात जात असेल, तर ती लिमिटेड-पर्पजमध्ये वळवून घ्या किंवा लेखी नाकारा. नाहीतर चाळीस-पन्नास डॉलरच्या शिल्लकीपायी तुमचं पुढचं अख्खं वर्ष बाद.

घातलेले पैसे परत काढायला हवेत, आणि ते साध्या विथड्रॉवलने नाही. एचएसए कंपनीकडे जादा योगदान काढण्याचा वेगळा फॉर्म असतो. तो भरला की मूळ रकमेबरोबर तिच्यावरचं उत्पन्नही ते काढून देतात. टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत (एक्स्टेंशन धरून) हे केलंत तर दंड नाही, काढलेली रक्कम आणि उत्पन्न करपात्र होतं इतकंच. राहू दिलंत तर जादा रकमेवर दरवर्षी ६ टक्के, फॉर्म ५३२९ वर. कार्ड वापरून एटीएममधून काढून मोकळं व्हावं असं वाटेल. तसं केलं तर तो बिगर-वैद्यकीय खर्च ठरतो, कर लागतो आणि शिवाय रकमेच्या २० टक्के दंड बसतो.

आधीच्या वर्षांत, एफएसए नसताना, जमा झालेले पैसे मात्र शाबूत आहेत आणि तुम्ही आजही वापरू शकता. नवऱ्याच्या औषधांनासुद्धा, त्यांचा विमा वेगळा असला तरी. काढताना विमा बघत नाहीत तो हा असा.

प्रश्न : मुलगा खेळताना पडला, मनगट मोडलं. इमर्जन्सी रूममध्ये नेलं, हॉस्पिटल आमच्या नेटवर्कमधलं (विमा कंपनीशी करार असलेलं). दोन आठवड्यांत हॉस्पिटलचं ४,८६० डॉलरचं बिल आलं, मागोमाग रेडिओलॉजिस्टचं, मग इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं. ते डॉक्टर नेटवर्कबाहेरचे आहेत म्हणे. एचएसएच्या कार्डाने सगळं भरून टाकू का?

कार्ड खिशातच राहू द्या. आधी विमा कंपनीचा ईओबी, म्हणजे क्लेमच्या हिशेबाचा कागद, येऊ द्या. त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं म्हणून लोक तो केराच्या टोपलीत टाकतात. खरा कागद तोच.

ईओबीवर प्रत्येक सेवेसमोर चार आकडे असतात: मागितलेली रक्कम, मान्य दर, विम्याने भरलेले, आणि शेवटी तुमचा वाटा. समजा ४,८६०समोर मान्य दर २,११५ आहे. हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल तर मधले २,७४५ ते तुमच्याकडून मागू शकत नाहीत. डिडक्टिबल अजून बाकी असेल तर तुमचा वाटा २,११५, त्याहून एक डॉलर जास्त नाही. म्हणून बिल आणि ईओबी शेजारी ठेवून तारीख, सेवा आणि शेवटचा आकडा जुळवायचा. जुळला की भरायचं.

तीन बिलं येणं हा घोटाळा नाही. हॉस्पिटल जागेचे आणि यंत्रांचे पैसे घेतं, डॉक्टर त्यांच्या कामाचे, एक्स-रे वाचणारा त्याचे. एकाच सेवेचे दोनदा लागलेत का ते मात्र बघा. त्यासाठी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन करून ‘आयटमाइज्ड बिल’ कोडसकट मागा. इमर्जन्सी व्हिजिटचे कोड ९९२८१ ते ९९२८५, आकडा वाढेल तशी गंभीरता आणि किंमत वाढते. साध्या फ्रॅक्चरला ९९२८५ लागला असेल तर ‘कोडिंग रिव्ह्यू’ मागा. हे दोन शब्द म्हटले की फोन योग्य माणसाकडे जातो.

नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांचं काय? १ जानेवारी २०२२पासून नो सरप्रायझेस अॅक्ट लागू आहे. इमर्जन्सीत डॉक्टर नेटवर्कबाहेरचा असला तरी तुमचा वाटा नेटवर्कमधल्याप्रमाणेच धरायचा, आणि उरलेली रक्कम तो तुमच्याकडून मागू शकत नाही. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात ठरवून केलेल्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ बाहेरचा निघाला, तरी हेच. ईओबीवर हा खर्च ‘आउट ऑफ नेटवर्क’ म्हणून लागला असेल, तर विमा कंपनीला ‘नो सरप्रायझेस अॅक्टप्रमाणे रिप्रोसेस करा’ असं सांगा. रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स या कायद्याबाहेर राहिली आहे. तिचं बिल आलं तर घासाघीस हाच उपाय, फार तर तुमच्या राज्याचा कायदा मदतीला येतो का ते बघायचं.

विम्याने क्लेम नाकारला असेल तर अंतर्गत अपिलाला सहसा १८० दिवस मिळतात. तेही फेटाळलं तर बाहेरच्या तपासणीसाठी चार महिने. फोनवर बोललात तरी अपील लेखीच करा आणि प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर ईओबीच्याच पाठीमागे लिहून ठेवा.

रक्कम खरी निघाली पण झेपणारी नसेल, तर ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. विमा असलेल्यांनी करू नये असा काही कायद्याचा नियम नाही. उत्पन्नाची अट प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी. बिनव्याजी हप्ते तर नुसते मागितले तरी बऱ्याचदा मिळतात, आणि ते क्रेडिट कार्डापेक्षा केव्हाही बरे. ‘विमा न लावता रोख भरा, कमी करतो’ अशी ऑफर आली तर थांबून विचार करा: तसे भरलेले पैसे बहुतेक प्लॅन डिडक्टिबलमध्ये मोजत नाहीत. फेब्रुवारीत हे महागात पडेल, डिसेंबरच्या शेवटी कदाचित परवडेल.

कलेक्शनच्या धमकीने घाबरून आकडे न जुळवता भरू नका. तिन्ही क्रेडिट ब्युरो वैद्यकीय थकबाकी वर्षभर दाखवत नाहीत आणि ५०० डॉलरखालची तर मुळीच दाखवत नाहीत. आणि समजा एचएसएतून जास्त भरलं गेलंच, हॉस्पिटलने चेक परत पाठवला, तर तो खिशात घालू नका. चुकून झालेला खर्च म्हणून एचएसए कंपनीच्या फॉर्मवर तो खात्यात परत करता येतो. मुदत, चूक कळली त्या वर्षाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत.

प्रश्न : वार्षिक तपासणी फुकट असते ना? मग मला २३८ डॉलरचं बिल का आलं?

ईओबीवर दोन ओळी आहेत का बघा. एक ९९३९५ किंवा ९९३९६, ही तपासणी, तिच्यापुढे तुमचा वाटा शून्य. दुसरी ९९२१३ किंवा ९९२१४, शेपटीला २५ हा मॉडिफायर. ही आजाराची वेगळी व्हिजिट. तपासणी संपता संपता तुम्ही सहज म्हणालात, ‘डॉक्टर, हल्ली गुडघा दुखतो,’ डॉक्टरांनी गुडघा बघितला, औषध लिहिलं. इथे दुसरी व्हिजिट झाली, आणि एचडीएचपीत ती पूर्ण तुमच्या डिडक्टिबलमधून. डॉक्टर चुकले असं म्हणता येत नाही.

दुखणं लपवा असं आम्ही सांगणार नाही. पण ‘याची वेगळी व्हिजिट लागेल का?’ हे तिथल्या तिथे विचारावं.

रक्ततपासणीचं तसंच. त्याच नळ्या, तेच रक्त, पण कारणाचा कोड झेड००.०० असला तर नेहमीची तपासणी आणि आर५३.८३ असला तर थकव्याचा शोध. व्हिटॅमिन डी आपल्याकडे सगळेच करून घेतात. ती फुकटच्या यादीत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीची कोलोनोस्कोपी वयाच्या ४५पासून फुकट, आणि तीत पॉलिप सापडून काढला तरी ती फुकटच राहायला हवी. त्याचं बिल आलं असेल तर नक्की भांडा. डॉक्टरांच्या ऑफिसला सांगा, ‘स्क्रीनिंग म्हणून कोड दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवा.’ कोड बदलायचा अधिकार त्यांचा आहे, विमा कंपनीचा नाही. लोक चुकीच्या ठिकाणी तासन्‌तास फोन धरून बसतात.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांच्या प्रवासी विम्याचा प्रीमियम किंवा इथला डॉक्टरचा खर्च एचएसएतून चालेल? आणि आम्ही तिकडे गेल्यावर दातांची कामं करून घेतो, ती?

पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो.

एचएसएतून तुमचा, जोडीदाराचा आणि करासाठी अवलंबून असलेल्यांचा खर्च चालतो. अवलंबून ठरायला माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी असावा लागतो (कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासीही चालतात, भारतातले नाही). व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा यात सहसा बसत नाहीत, तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरी. ग्रीन कार्डावर इथे राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून जास्त भार तुम्ही उचलत असाल, तर चालेल. त्यांची पेन्शन थोडी जास्त आहे म्हणून रिटर्नवर दाखवता येत नसलं, तरी एचएसएपुरती उत्पन्नाची अट सैल आहे. प्रवासी विम्याचा प्रीमियम मात्र कुणाचाच नाही. एचएसएतून प्रीमियम भरता येतात ते मोजके: कोब्रा (नोकरी सुटल्यावर चालू ठेवलेला कंपनीचा विमा), बेकारीभत्ता मिळत असतानाचा विमा, लाँग-टर्म केअर (वयाप्रमाणे मर्यादेत) आणि ६५नंतर मेडिकेअर, पण मेडिगॅप (मेडिकेअरला पूरक खासगी विमा) नाही.

भारतातलं रूट कॅनाल, क्राउन, चष्मा, डॉक्टरांची फी, सगळं चालतं. उपचार कुठल्या देशात झाला याला बंधन नाही. दात पांढरे करून घेणं चालत नाही, ते सौंदर्यात मोडतं. विमानाचं तिकीटही नाही, घरी गेलोच होतो तेव्हा दात केले हा वैद्यकीय प्रवास होत नाही. औषधांची गंमत वेगळीच: तिथे घेऊन तिथेच खाल्लीत आणि दोन्ही देशांत ती कायदेशीर असली तर चालतात, बॅगेत भरून इथे आणलेली चालत नाहीत. पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख आणि काय केलं हे हवं. ‘डेंटल वर्क, १८,००० रुपये’ एवढ्यावर भागत नाही, क्राउन कुठल्या दाताला ते लिहून मागा. त्या दिवसाचा रुपया-डॉलर दर पावतीलाच जोडा.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. डब्ल्यू-२वर (कंपनीच्या वार्षिक पगारपत्रकावर) राज्याचा पगार फेडरलपेक्षा जास्त दिसतो. चूक आहे का?

नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसए मानत नाहीत. तुमचं आणि कंपनीचं योगदान तिथे करपात्र, आणि खात्यातलं व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफाही दरवर्षी राज्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचा. त्यासाठी १०९९ (उत्पन्न कळवणारा फॉर्म) येत नाही, स्टेटमेंटवरून स्वतः काढावं लागतं. लोक हे सोडून देतात आणि मग पाच वर्षांचा हिशेब एकदम करत बसतात.

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची, नोकरीला लागली, अजून आमच्या एचडीएचपीवरच आहे. तिचा खर्च माझ्या एचएसएतून?

विमा २६पर्यंत चालतो, एचएसए नाही. ती करासाठी तुमच्यावर अवलंबून नसेल तर तिचा खर्च तुमच्या खात्यातून करता येत नाही. पण ती स्वतःचं एचएसए उघडू शकते, आणि कव्हरेज कुटुंबाचं असल्याने तिची मर्यादाही ८,७५०, तुमच्यापेक्षा वेगळी. तिच्या खात्यात पैसे तुम्ही घातलेत तरी वजावट तिची. चोविशीच्या आतला पूर्णवेळ शिकणारा मुलगा असेल तर सहसा उलटं: तो अवलंबून, खर्च तुमच्या खात्यातून, त्याचं वेगळं खातं नाही.

प्रश्न : पावत्या किती वर्षं ठेवायच्या? खर्च आत्ता खिशातून करून पैसे खूप नंतर काढता येतात हे खरं का?

खरं आहे, मुदत नाही. अट दोनच: खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा, आणि तो विम्याने भरून दिलेला किंवा वजावटीत दाखवलेला नको. पैसे गुंतवून ठेवायचे आणि वीस वर्षांनी पावत्यांच्या जोरावर करमुक्त काढायचे, ही पद्धत त्यावरच चालते. रिटर्न भरताना फॉर्म ८८८९च्या १४अ ओळीवर काढलेली रक्कम आणि १५ नंबरच्या ओळीवर वैद्यकीय खर्च लिहायचा. पावती जोडायची नसते, पण विचारलं तर दाखवावी लागते. म्हणून पैसे काढाल त्या वर्षाच्या रिटर्ननंतरही निदान तीन वर्षं ठेवा.

औषधाच्या दुकानातल्या थर्मल कागदावरची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. आल्या दिवशी फोटो काढा. फाइलच्या नावात तारीख, रुग्ण, रक्कम, आणि पैसे परत घेतले की नाही. हे शेवटचं नसेल तर एकच पावती दोनदा वापरली जाते. २०२०पासून क्रोसिनच्या जातीची साधी औषधं आणि सॅनिटरी पॅडही चिठ्ठीशिवाय चालतात, त्यांच्या पावत्या लोक उगाच फेकतात. जिमची फी, च्यवनप्राश, रोजचं मल्टिव्हिटॅमिन नाही.

प्रश्न : वय ६६, नोकरी चालू, एचडीएचपी आहे, मेडिकेअर घेतलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये निवृत्त होऊन मेडिकेअरला अर्ज करणार. तोपर्यंत एचएसएत घालत राहू?

मार्चमध्येच थांबायला हवं. ६५नंतर अर्ज केला की मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) सहा महिने मागे जाऊन लागू होतो (६५ पूर्ण झाल्याच्या महिन्यापलीकडे नाही). ऑक्टोबरचा अर्ज म्हणजे १ एप्रिलपासून पार्ट ए, आणि एप्रिलपासून तुमची पात्रता शून्य. तीन महिन्यांची मर्यादा: एकट्याच्या प्लॅनवर ४,४०० अधिक १,०००, म्हणजे ५,४००चे तीन-बारांश, १,३५०. कुटुंबाच्या प्लॅनवर ९,७५०चे २,४३७.५०. सोशल सिक्युरिटी सुरू केलीत तरी ६५नंतर पार्ट ए आपोआप येतो, नाही म्हणायची सोय नाही. तिथेही सहा महिन्यांचं तेच गणित. कंपनीत २०पेक्षा कमी लोक असतील तर मेडिकेअर इतकं लांबवणंच धोक्याचं, कारण तिथे पहिला विमा मेडिकेअर धरला जातो. आधी एचआरशी बोला.

पत्नी ५८ वर्षांची असून तिच्या नोकरीतून कुटुंबाचा एचडीएचपी असेल, आणि तुम्ही त्यावर असाल, तर तुम्ही मेडिकेअरवर गेल्याने तिचं काही अडत नाही. ती स्वतःच्या खात्यात पूर्ण ८,७५० अधिक १,००० घालू शकते आणि त्यातून तुमची औषधं, तुमचा दवाखाना भरू शकते. ५५नंतरचे जादा १,००० मात्र ज्याचे त्याच्याच नावाच्या खात्यात जातात. जोडखातं हा प्रकार एचएसएत नाही.

प्रश्न : दोन वर्षांत कायमचं भारतात परतायचं आहे. एचएसए बंद करून जावं का?

बंद करू नका. बिगर-वैद्यकीय म्हणून काढलेत तर ६५च्या आत कर आणि शिवाय रकमेच्या २० टक्के दंड. विमा संपला की पैसे घालता येत नाहीत एवढंच, खातं तुमचंच राहतं आणि भारतातला दवाखाना त्यातून चालतो. साठवलेल्या पावत्या असतील तर निघण्यापूर्वीच तितके पैसे करमुक्त काढून घ्या, ते सगळ्यात सोपं. परदेशी पत्ता चालतो का हे एचएसए कंपनीला आत्ताच विचारा. चालत नसेल तर खातं चालणाऱ्या कंपनीकडे थेट ट्रान्सफर करा. चेक स्वतःच्या हातात घेऊन नाही, कारण तसं १२ महिन्यांत एकदाच आणि ६० दिवसांच्या आत करता येतं. भारतात सर्वसाधारण निवासी झालात की रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हे खातं दाखवावं लागतं. भारताच्या आयकरात या खात्यासारखं दुसरं खातं नाही, म्हणून त्यातलं उत्पन्न तिथेही करमुक्तच असेल असं गृहीत धरू नका. दोन्हीकडचे कायदे हाताळणारा सीए निघण्याच्या आधीच्या वर्षी गाठा. वारस म्हणून जोडीदाराचं नाव आहे ना, तेही बघून घ्या. जोडीदाराला खातं एचएसए म्हणूनच मिळतं, मुलांना मिळालं तर त्याच वर्षी सगळी रक्कम करपात्र होते.